न पाहिलेल्या नाटकाचे परीक्षण : एका जुन्या विनोदाची पार्श्वभूमी

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ३० ऑक्टोबर १७७९ रोजी रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन याच्या 'द क्रिटिक' या प्रहसनाचा पहिला प्रयोग झाला. त्याच्या पहिल्याच अंकात पफ नावाचा एक गृहस्थ आपला धंदा समजावून सांगतो. वर्तमानपत्रांतून हव्या त्याची हवी तेवढी स्तुती छापून आणणे हा त्याचा धंदा आहे, आणि या कामाला तो एक रीतसर शास्त्र मानतो. नवे नाटक रंगभूमीवर येणार असले, की प्रयोगाच्या आदल्या दिवशीच तो त्या प्रयोगाचे स्वागत कसे झाले याचा वृत्तान्त लिहून तयार ठेवतो. कथानक तेवढे नाटककाराला विचारून घ्यायचे. बाकीचा मजकूर, म्हणजे ठसठशीत पात्रे, सिद्धहस्त लेखणी, अस्सल विनोदाचा खजिना, चुरचुरीत संवाद, हा त्याच्यापाशी कायमचा शिल्लक असतो. मग नटांची पाळी येते. डॉड यांनी आपल्या भूमिकेत कमाल केली. पामर यांचा अभिनय याआधी क्वचितच इतका खुलला असेल. किंग यांच्याविषयी काय लिहावे, त्यांना न्याय देण्याचे सामर्थ्य भाषेतच नाही, टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्याहूनही अधिकास ते पात्र होते. शेवटी द लूथरबूर्ग यांच्या कुंचल्याची करामत तर सर्वमान्यच आहे.

या उताऱ्याची खरी गंमत आज छापील संहिता वाचताना सुटून जाण्याची शक्यता आहे, म्हणून ती थोडी जवळून पाहिली पाहिजे. ही सगळी नावे खऱ्या माणसांची आहेत आणि ती सगळी माणसे त्या रात्री त्याच नाट्यगृहात कामावर होती. प्रहसनातल्या डँगलची भूमिका डॉड करत होता, स्नीअरची पामर करत होता, देखावे लूथरबूर्गनेच रंगवले होते आणि पफच्या वेषात उभा राहून हे भाषण करणारा नट टॉमस किंग हा होता. म्हणजे अजून न झालेल्या एका प्रयोगाचे परीक्षण म्हणून दाखवताना तो नट स्वतःचीच वारेमाप स्तुती करत होता आणि ज्या दोघांची स्तुती त्याने आधी केली ते दोघे समोर उभे राहून ऐकत होते. शेरिडन १७७६ पासून त्या नाट्यगृहाच्या चालकांपैकी एक होता. वर्तमानपत्रांत आपल्या खेळांविषयी काय छापून येते आणि ते कसे येते हे तो रोज पाहत होता, त्यामुळे या प्रवेशात त्याने कल्पनेने फारसे काही रचले असेल असे मला वाटत नाही.

न पाहता परीक्षण करणाऱ्यावर रचलेल्या विनोदाचे मर्म शेरिडनच्या या प्रवेशात सर्वांत स्वच्छ दिसते. परीक्षणाची भाषा तयार साच्यांची झाली आणि तिची विशेषणे कोणत्याही कलाकृतीला लावता येऊ लागली, की मग कलाकृती पाहण्याची गरजच उरत नाही. लबाडी आणि आळस या गोष्टी नंतर येतात. आधी भाषा सैल होते. मराठी वाचकाला यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या नाट्यपरीक्षणांचा शेवटचा परिच्छेद आठवून पाहावा : नेपथ्य अनुरूप, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत परिणामकारक, इतर कलाकारांची साथ उत्तम. हा परिच्छेद नाटक न पाहताही लिहिता येतो, आणि पाहून आलेल्यांनीही तो वर्षानुवर्षे असाच लिहिला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या माणसाने महिनाभर राबून एका खिडकीतून पहाटेचा उजेड रंगमंचावर आणलेला असतो, त्याच्या वाट्याला 'पूरक' हा एक शब्द येतो.

या विनोदाची परंपरा मात्र शेरिडनपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुनी आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरचे 'लेकोल दे फाम', म्हणजे 'बायकांची शाळा', हे नाटक पॅरिसमध्ये २६ डिसेंबर १६६२ रोजी रंगभूमीवर आले आणि त्यावर गदारोळ उठला. नाटक अश्लील आहे, धर्माची टर उडवते, नाट्यशास्त्राचे नियम मोडते, असे आक्षेप दिवाणखान्यांतून घेतले जाऊ लागले. मोलिएरने पत्रक काढण्याऐवजी त्या दिवाणखान्यालाच रंगमंचावर आणले. १ जून १६६३ रोजी सादर झालेल्या त्याच्या एकांकी उत्तरात काही मंडळी एका घरी जमून त्या नाटकावर चर्चा करतात, आणि तेवढेच त्या एकांकिकेचे कथानक आहे.

त्यात एक मार्क्विस, म्हणजे उमराव, येतो. नाटक टाकाऊ आहे असे तो ठणकावून सांगतो आणि पहिला पुरावा म्हणून स्वतःच्या कपड्यांकडे बोट दाखवतो : दारात इतकी गर्दी होती की त्याचे पाय तुडवले गेले, फिती आणि झालरी चुरगळल्या. नाटक वाईट का, असे जमलेल्यांपैकी दोरांत त्याला विचारतो, तेव्हा ते टाकाऊ आहे कारण ते टाकाऊ आहे, असे उत्तर मिळते. आणखी खोदल्यावर तो सरळ कबूल करतो की आपण ते ऐकण्याची तसदीच घेतली नाही. पण शेजारी बसलेल्या दोरिलासचेही मत तसेच होते. शिवाय पिटातले, म्हणजे स्वस्त तिकिटाचे, लोक एकसारखे हसत होते, नाटक हलके असल्याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा? यावर दोरांत जे उत्तर देतो ते मला त्या एकांकिकेचे हृदय वाटते. सोन्याच्या अर्ध्या मोहरेचे तिकीट आणि पंधरा सू या किरकोळ नाण्यांचे तिकीट यांतल्या फरकाचा रसिकतेशी काही संबंध नाही, आणि उभे राहून नाटक पाहणाऱ्या पिटातल्या माणसांच्या निर्णयावर आपला भरवसा आहे, असे तो म्हणतो. त्या काळी उमराव मंडळींसाठी खुर्च्या थेट रंगमंचावर मांडलेल्या असत, त्यामुळे प्रयोगाला हजर राहून प्रयोग न पाहणारा प्रेक्षक सर्वांना रोज दिसत असे. असाच एक जण रंगमंचावर बसून कपाळाला आठ्या घालत होता आणि लोक हसले की पिटाकडे पाहून 'हसा, हसा!' असे चिडून म्हणत होता, ही हकिकतही दोरांत सांगतो.

पुढच्याच वर्षी याच गोष्टीने गंभीर वळण घेतले. १२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या उत्सवात 'तार्त्युफ' राजासमोर सादर झाले आणि त्यानंतर त्याच्या जाहीर प्रयोगांना मनाई झाली. पॅरिसमधील एका चर्चचा धर्मगुरू पिएर रुले याने त्यावर पुस्तिका लिहून मोलिएर हा माणसाच्या वेषातला सैतान आहे, त्याला जाळले पाहिजे, असे जाहीर केले. मोलिएरने राजाकडे केलेल्या अर्जात नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले : नाटक न पाहताच ते सैतानी ठरले आहे आणि आपला मेंदूही सैतानी ठरला आहे. नाटकाचे जाहीर प्रयोग खुले व्हायला ५ फेब्रुवारी १६६९ हा दिवस उजाडावा लागला.

मोलिएरचे आपल्या रंगभूमीशी असलेले नाते येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच्या १६६० मधील 'स्गानारेल' वरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक लिहिले, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवल यांचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' आणि पुढे 'संगीत संशयकल्लोळ' झाले. एका तसबिरीवरून सगळे काही ठरवून मोकळा होणारा फाल्गुनराव आणि चुरगळलेल्या फितींवरून नाटक निकालात काढणारा मार्क्विस हे एकाच लेखणीच्या घराण्यातले आहेत. पाहण्याआधी खात्री झालेला माणूस हा मोलिएरच्या आवडीचा विषय होता.

एकोणिसाव्या शतकात नियतकालिके वाढली आणि हा विनोद पुस्तकांच्या परीक्षणाकडे वळला. १८०२ मध्ये सुरू झालेल्या 'एडिनबरो रिव्ह्यू'च्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सिडनी स्मिथच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते : परीक्षण लिहिण्यापूर्वी मी पुस्तक कधीच वाचत नाही, कारण वाचल्याने मत कलुषित होते. यापलीकडे त्या शतकातले फारसे काही येथे सांगण्याजोगे नाही.

जॉर्ज बर्नार्ड शॉने मात्र या विनोदाला नवी दिशा दिली. तो स्वतः १८९५ ते १८९८ या काळात 'सॅटर्डे रिव्ह्यू'चा नाट्यसमीक्षक होता, म्हणजे त्याला दोन्ही बाजू माहीत होत्या. १९ एप्रिल १९११ रोजी लंडनच्या लिटल थिएटरमध्ये त्याचे 'फॅनीज फर्स्ट प्ले' आले, तेही लेखकाचे नाव न देता. त्यात फॅनी नावाची तरुणी वडिलांच्या घरी आपले पहिलेच नाटक खऱ्या नटांकडून सादर करवते आणि ते पाहायला चार समीक्षक बोलावलेले असतात. हे चौघे नाटक पाहतात, पण लेखक कोण हे त्यांना सांगितलेले नसते, आणि त्यामुळे ते अडकून बसतात. लेखकच ठाऊक नसेल तर नाटकाविषयी काय बोलायचे, असे त्यांतला एक जण उघड विचारतो. लेखक चांगला असेल तर नाटक चांगलेच असणार, हे त्याला इतके स्वाभाविक वाटते. मग त्या काळच्या नाटककारांपैकी कोणी पिनेरोचे नाव घेतो, कोणी ग्रॅनव्हिल बार्करचे, कोणी खुद्द शॉचे. डोळ्यांसमोर घडलेले नाटकही न पाहिलेले राहू शकते, ही शॉने घातलेली भर आहे. त्या नाटकाचे सलग ६२२ प्रयोग झाले.

त्याच वाटेने नाटककार टॉम स्टॉपार्ड गेला. १९६२-६३ मध्ये तो लंडनच्या 'सीन' या नियतकालिकात नाट्यपरीक्षणे लिहीत होता, काही वेळा विल्यम बूट या टोपणनावाने. १७ जून १९६८ रोजी क्रायटेरियन थिएटरमध्ये आलेल्या त्याच्या 'द रिअल इन्स्पेक्टर हाउंड' मध्ये मून आणि बर्डबूट हे दोन समीक्षक एका रहस्यनाटकाच्या प्रयोगाला बसलेले आहेत. मूनच्या डोक्यात आपल्या वरिष्ठ समीक्षकाचा मत्सर आहे, बर्डबूटच्या डोक्यात एक नटी आहे, आणि दोघेही प्रयोग चालू असताना परीक्षणाची भारदस्त वाक्ये जुळवत आहेत. रिकाम्या रंगमंचावर फोन वाजत राहतो, मून न राहवून उठतो आणि तो घेतो, तर फोन बर्डबूटच्या बायकोचा असतो. पाहण्याचे काम ज्यांनी टाळले, त्यांना ते नाटक आत ओढून घेते.

न वाचता बोलण्याचा प्रकार सत्तेच्या हाती गेला म्हणजे काय होते, हे रशियाने १९५८ मध्ये पाहिले. बोरिस पास्तरनाक यांची 'डॉक्टर झिवागो' ही कादंबरी नोव्हेंबर १९५७ मध्ये मिलानला प्रसिद्ध झाली होती आणि सोव्हिएत वाचकांना ती मिळण्याचा मार्गच नव्हता. २३ ऑक्टोबर १९५८ रोजी नोबेल जाहीर झाले आणि आठवडाभरात निषेधाच्या सभा भरल्या, वर्तमानपत्रांत पत्रे छापून आली. एका उत्खनन यंत्राच्या चालकाचे पत्र त्यांत गाजले : पास्तरनाक नावाचा कोणी लेखक आहे हे मला आजवर ठाऊक नव्हते, त्यांची पुस्तके मी कधी वाचली नाहीत, असे सांगून तो पुढे त्यांचा धिक्कार करतो. 'वाचलेले नाही, पण निषेध करतो' हे वाक्य पुढे रशियन भाषेत म्हणीसारखे रुळले. लोकांनी ते थट्टेने वापरले हे खरे, पण ते ज्या माणसावर बेतले त्याला पारितोषिक नाकारावे लागले, लेखक संघातून बाहेर पडावे लागले, आणि त्याच्या देशात ती कादंबरी १९८८ पर्यंत छापली गेली नाही. या विनोदाच्या इतिहासात हे पान सोडून पुढे जाणे योग्य होणार नाही.

याच्या उलट टोकाला, परीक्षण आहे पण पुस्तकच नाही, असाही एक खेळ साहित्यात झाला आणि त्याचे स्थळ मुंबई आहे. अर्जेंटिनाच्या होर्हे लुईस बोर्हेस यांनी १९३६ मध्ये मीर बहादूर अली या मुंबईच्या वकिलाच्या कादंबरीचे परीक्षण छापले. मुंबईत १९३२ मध्ये जवळजवळ वर्तमानपत्री कागदावर निघालेली पहिली आवृत्ती, तिच्यावर आलेले अभिप्राय, नंतर लंडनच्या गोलांझ या प्रकाशकाने काढलेली आवृत्ती आणि तिला डोरोथी सेयर्स यांची प्रस्तावना, असा सगळा तपशील त्यात होता. प्रकाशक खरा, प्रस्तावनाकार लेखिका खरी, फक्त वकील आणि कादंबरी खोटी. बोर्हेस यांच्या एका मित्राने ते पुस्तक लंडनहून मागवण्याची खटपटही केली. पफने जे एका रात्रीच्या तिकीटविक्रीसाठी केले, तेच बोर्हेस यांनी निव्वळ कथा म्हणून केले, आणि तपशील नेमका असेल तर न पाहिलेलेही किती खरे वाटते हे दाखवून दिले.

प्रत्यक्ष व्यवहारात पफ एकविसाव्या शतकातही अवतरला. २००८ मध्ये 'मॅक्सिम' या अमेरिकी मासिकाने 'द ब्लॅक क्रोज' या बँडच्या 'वॉरपेंट' या अल्बमला पाचांपैकी अडीच तारे दिले. संपूर्ण अल्बम परीक्षकाने ऐकलाच नव्हता, हे बँडने उघड केल्यावर मासिकाने माफी मागितली. त्याआधी, जून २००१ मध्ये, 'न्यूजवीक'ने सोनीच्या चित्रपटांच्या जाहिरातींत झळकणाऱ्या डेव्हिड मॅनिंग या समीक्षकाचा छडा लावला होता. कनेटिकट राज्यातल्या 'द रिजफील्ड प्रेस' या साप्ताहिकाचे नाव त्याच्यापुढे छापले जात असे. साप्ताहिक खरे होते, पण तेथे या नावाचा कोणीही समीक्षक नव्हता. ती शिफारसवाक्ये कंपनीच्या जाहिरात विभागातच लिहिली जात होती. 'अ नाइट्स टेल' च्या जाहिरातीत या मॅनिंगने हीथ लेजर याला वर्षातला सर्वांत तेजस्वी नवा तारा म्हटले होते. लेजर खरोखरच गुणी नट होता आणि ही स्तुती पाहून लिहिणाऱ्या एखाद्या समीक्षकाकडून त्याला मिळायला हवी होती. कंपनीने २००२ मध्ये कनेटिकट राज्याला ३,२६,००० डॉलर दिले आणि २००५ मध्ये प्रेक्षकांच्या दाव्यात १५ लाख डॉलरची तडजोड झाली. त्यानुसार, ज्या प्रेक्षकांनी ते चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहिले होते, त्यांना तिकिटामागे ५ डॉलर परत मागण्याची मुभा मिळाली.