एस ट्रॅप की पी ट्रॅप? कमोड घ्यायच्या आधी मागे वाकून बघा

जुन्या फ्लॅटमधला १० लिटरवाला कमोड काढून ३/६ लिटरचा ड्युअल फ्लश (दोन बटणांचा, अर्ध्याला ३ आणि पूर्णला ६ लिटर) बसवायचा म्हटलं की आपण रंग बघतो, सीट कव्हर बघतो, ऑफर बघतो, आणि दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, एस की पी? तिथंच आमची विकेट पडली.

वरून बघून फरक कळतच नाही. दोन्हीत वाकडी मान असते, तोच ट्रॅप, तिच्यात पाणी साठून राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. फरक आहे तो मागे. एसचं तोंड खाली जमिनीत जातं, पीचं आडवं मागच्या भिंतीत. आणि डक्टमध्ये बीडाचा पाईप दिसला म्हणजे पीच असणार असं अजिबात नाही हं, स्लॅबच्या भरावातून आडवा गेलेला एसचा पाईपसुद्धा तिथंच बाहेर निघतो.

एस असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावायचा, साधारण ४, ९ किंवा १२ इंच भरतं. आम्ही मापलं ९, तसाच आणला, पण मध्ये जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स चिकटवल्या होत्या, त्यात पाऊण इंच गेलं आणि टाकी भिंतीला टेकून कमोड काही मागे सरकेना! म्हणजे माप टाइल लागल्यावरचं धरा. पीमध्ये भिंतीपासूनच्या अंतराचा तेवढा ताप नाही, तिथं जमिनीपासून भोकाच्या मध्याची उंची लागते, बहुतेक १८० मिमीच्या आसपास, आणि नवीन फरशीनं जमीन वर आली की तीच कमी होते.

नुसती टाकी बदलून भांडं जुनंच ठेवू असं प्लंबर सुचवतात, मला ते पटत नाही. १० लिटरसाठी बनवलेलं भांडं ६ लिटरमध्ये नीट धुतलं जात नाही, मग आपण दोनदा दाबतो, कसली बचत. भांडं आणि टाकी जोडीनंच घ्या.

दुकानात एसवाला शिल्लक नसेल तर घाबरू नका, बऱ्याच पीवाल्या कमोडला खाली वळणारा बेंड लावून एससारखं बसवता येतं, फक्त बेंड लावल्यावर भिंतीपासूनचं अंतर जुळतंय का ते आधी विचारा. उलटं मात्र जमत नाही, एसचं तोंड जमिनीलगत खाली बघत असतं, भिंतीतल्या भोकाकडे उतार मिळणार कुठून. आणि तो बेंड बॉक्समध्ये असेलच असं नाही, प्लंबर यायच्या आदल्या दिवशी उघडून बघा.