समुद्र मागे हटला, बोटी पुन्हा आल्या: एफिससच्या एकदिवसीय सहलीची पार्श्वभूमी

एजियन समुद्रातल्या क्रूझचं वेळापत्रक उघडलं की तुर्कस्तानातला थांबा म्हणून बहुतेक वेळा कुशादासीचं नाव दिसतं. सकाळी बोट धक्क्याला लागते, संध्याकाळी निघते. मधल्या वेळात काय करायचं, याचं उत्तर ठरलेलं आहे: एफिसस या प्राचीन शहराचे अवशेष. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. बस वरच्या दरवाजाशी सोडते, माणसं उतारावरून चालत खाली येतात आणि खालच्या दरवाजाशी बस त्यांची वाट बघत असते. दीड-दोन तासांत शहर पाहून होतं. मग गालिच्यांचं दुकान, मग बोट.

पायांना सोयीचा म्हणून हा मार्ग ठीक आहे, पण त्यामुळे शहर उलटं पाहिलं जातं. एफिसस हे स्वतः बंदर होतं. बाहेरचा माणूस गलबतातून उतरायचा, बंदराच्या रस्त्याने नाटकगृहापर्यंत यायचा आणि तिथून वर चढायचा. आजच्या सहलीत बंदराचा रस्ता अगदी शेवटी येतो, तोवर सगळे उन्हाने आणि तहानेने कावलेले असतात. ज्याच्यामुळे शहर उभं राहिलं, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो.

या बंदराचा शत्रू पहिल्यापासून एकच होता, गाळ. काइस्ट्रोस नदी, म्हणजे आजची कुचुक मेंदेरेस, डोंगरातली माती आणून खाडीत ओतत राहिली. शहराची जागासुद्धा त्यापायी बदलली. अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाखस याने इ.स.पू. 300 च्या सुमारास नवं शहर दोन टेकड्यांच्या मधे वसवायचं ठरवलं. जुन्या वस्तीतले लोक हलेनात. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की लिसिमाखसने मुसळधार पावसाची वाट पाहिली आणि गटारं तुंबवली. घरांत पाणी शिरलं तेव्हा लोक निमूटपणे नव्या जागी गेले. पुनर्वसनाची ही तऱ्हा वाचून दोन हजार वर्षांत फार काही बदललं नाही असं वाटलं, तर नवल नाही.

पुढची फजिती पर्गामन या ग्रीक राज्याचा राजा दुसरा अॅटलस याच्या काळातली, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. बंदर उथळ होत चाललं होतं. मुख अरुंद केलं तर आतलं पाणी खोल राहील, असा हिशेब करून त्याने मुखाशी बांध घालायला लावला. झालं उलटंच. पूर्वी लाटांच्या येण्या-जाण्याने गाळ थोडाफार तरी बाहेर वाहून जायचा, आता तो आतच साचू लागला. पुढे नीरोच्या काळात बारेआ सोरानस या रोमन राज्यपालाने बंदर उपसून घेतलं, आणि इ.स. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने नदीचा प्रवाहच वळवायचा प्रयत्न केला. प्रत्येक उपाय काही वर्षं पुरायचा, नदी मात्र थांबत नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एफिसस हे रोमच्या आशिया प्रांताचं, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानाचं, प्रवेशद्वार होतं. नव्या राज्यपालाने समुद्रमार्गेच यायचं आणि पहिलं पाऊल एफिससलाच टाकायचं, असा दंडक रोमन कायद्यात नोंदलेला आहे. इ.स.पू. 51 मध्ये रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो शेजारच्या किलिकिया प्रांताचा कारभार घ्यायला निघाला, तोही इथेच जहाजातून उतरला, थोडा थांबला आणि खुश्कीच्या वाटेने पुढे गेला. व्यापारी, यात्रेकरू, अधिकारी, सगळे असेच. बोटीतून आलेल्या आणि फार न थांबणाऱ्या माणसांवर हे शहर तेव्हाही जगत होतं.

यात्रेकरू यायचे ते आर्टेमिस या ग्रीक देवीच्या मंदिरासाठी. प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांतलं हे एक. इ.स.पू. 356 मध्ये हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने निव्वळ आपलं नाव राहावं म्हणून ते जाळलं. नाव कुणी उच्चारायचं नाही असा हुकूम निघाला, तरी आपण ते इथे लिहितोच आहोत. मंदिर पुन्हा उभं राहिलं आणि त्याभोवतीचा धंदाही. देवीच्या देव्हाऱ्याच्या चांदीच्या प्रतिकृती बनवणारे कारागीर शहरात होते. मराठी बायबलमध्ये ‘इफिस’ म्हणून येणारं शहर ते हेच. ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या प्रचाराने गिऱ्हाईक तुटेल या भीतीने देमेत्रिय सोनाराने आपल्या व्यवसायबंधूंना चिथावलं, जमाव नाटकगृहात घुसला आणि तासन् तास देवीचा जयघोष करत राहिला, हा प्रसंग बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. त्या नाटकगृहात चोवीस-पंचवीस हजार माणसं मावत. आज खालच्या दरवाजाबाहेरच्या दुकानांतून ‘खरीखुरी नकली घड्याळं’ अशी पाटी लावून माल विकतात, तेव्हा देमेत्रियची आठवण येते. फरक इतकाच, की आताचे दुकानदार प्रामाणिक आहेत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट आर्केडियसच्या काळात बंदराचा रस्ता नव्याने सजवला गेला. लांबी अर्धा किलोमीटरहून जास्त, रुंदी सुमारे 11 मीटर, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. त्या रस्त्यावर रात्री दिवे लागत, असं सांगणारा शिलालेख मिळाला आहे. पण दिव्यांनी गाळ हटत नाही. बंदराची दलदल झाली, हिवताप आला, भूकंपांनी आणि अरबांच्या स्वाऱ्यांनी उरलंसुरलं संपवलं. माणसं जवळच्या आयासुलुकच्या टेकडीकडे सरकली, तिथलं गाव म्हणजे आजचं सेल्चुक. आता समुद्र पाच-सहा किलोमीटर लांब आहे. नालासोपाऱ्याला लोकलमधून उतरताना इथे कधीकाळी परदेशी गलबतं लागायची यावर विश्वास बसत नाही ना, तसंच इथे.

व्यापार दक्षिणेकडे कुशादासीकडे वळला. मध्ययुगात इटालियन व्यापारी त्या बंदराला स्काला नोवा, म्हणजे नवा धक्का, म्हणत. तिथल्या धक्क्यासमोरची ऑटोमन सराई 1618 ची आहे. बोटीतून उतरलेले बहुतेक जण तिच्यावरून पुढे निघून जातात.

एफिससला पुन्हा बाहेरची माणसं आणली ती रेल्वेने. इंग्रज कंपनीने स्मिर्ना म्हणजे इझमीरपासून आयदिनकडे लोहमार्ग टाकायला घेतला आणि 1862 मध्ये तो आयासुलुकपर्यंत पोचला. या लोहमार्गाच्या स्टेशनांचं काम करणारा वास्तुविशारद जॉन टर्टल वुड याला आर्टेमिसच्या मंदिराने झपाटलं. 1863 पासून तो ब्रिटिश म्युझियमच्या पैशांवर खणू लागला. इतकं प्रचंड मंदिर, पण जमिनीवर त्याची खूण नाही. धागा मिळाला तो नाटकगृहात. इ.स. 104 मध्ये व्हिबियस सॅल्युटारिस नावाच्या धनिकाने देवस्थानाला दिलेल्या देणगीचा लांबलचक शिलालेख तिथे होता, आणि त्यात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिला होता: मंदिरातून निघून मॅग्नेशियन दरवाजाने शहरात, आणि परत जाताना दुसऱ्या दरवाजाने. वुडने आधी दरवाजा शोधला, मग त्यातून बाहेर पडणारा फरसबंदी रस्ता उकरत गेला. 31 डिसेंबर 1869 ला सुमारे सहा मीटर गाळाखाली त्याला मंदिराची संगमरवरी फरशी लागली. पालखीचा मार्ग हाती धरून देऊळ शोधल्याचं इतकं नेमकं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

वुड अजून चाचपडतच होता तेव्हा, 1867 मध्ये, ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीला निघाली. केवळ सहलीसाठी निघालेली ही पहिल्या लांब पल्ल्याच्या बोटींपैकी एक, आणि प्रवाशांत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन होता. बोट स्मिर्नाला लागल्यावर मंडळींसाठी एफिससला जायची खास गाडी सोडण्यात आली, आणि मालडब्यांतून साठ गाढवं बरोबर घेतली, कारण अवशेष लांबवर पसरलेले. गाढवं एवढीशी, स्वार धिप्पाड. भटकंती झाल्यावर मंडळींनी फोडून गोळा केलेले संगमरवराचे तुकडे स्टेशनापर्यंत वाहून आणले, तर तिथे सरकारी अधिकारी उभा. या टोळीवर लक्ष ठेवा, असा कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे ऑटोमन राजधानीतून, आदेशच आला होता. सगळा माल तिथेच ठेवून द्यावा लागला. बंदरात बोट, खास वाहन, ठरलेले अवशेष, संध्याकाळी परत: आजच्या सहलीचा सगळा साचा या एका दिवसात दिसतो.

तुकडे अडवले गेले, पण सरकारी परवान्याने खूप काही बाहेर गेलंच. वुडचं सापडलेलं लंडनला गेलं. 1895 पासून ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञ ओटो बेनडॉर्फच्या नेतृत्वाखाली खणू लागले आणि सुलतानाच्या मेहेरबानीने बऱ्याच मूर्ती-शिल्पांची रवानगी व्हिएन्नाला झाली. ऑस्ट्रियन पथक पुढे, मधल्या खंडांसह, इथे काम करत राहिलं. सहलीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जी दुमजली दर्शनी भिंत असते, ती सेल्ससच्या ग्रंथालयाची. इ.स. दुसऱ्या शतकात आक्विला नावाच्या मुलाने वडील सेल्सस यांच्या स्मरणार्थ बांधलेली ही इमारत, आणि वडिलांची शवपेटी तिच्याच पोटात. ही भिंत शतकानुशतकं पडलेलीच होती. तुकडे जुळवून ती 1970 च्या दशकात पुन्हा उभी केली गेली. जवळ उभं राहून पाहिलं तर कडेचे खांब मधल्यांपेक्षा जरा आखूड दिसतात. आजूबाजूच्या इमारतींत दबलेली ती भिंत रुंद भासावी म्हणून केलेली ही युक्ती. मार्गदर्शक मात्र पलीकडच्या फरशीवर कोरलेलं पाऊल आणि बाईचं डोकं दाखवायला घाई करतात: ‘जगातली पहिली जाहिरात, वेश्यागृहाची!’ याला ठोस आधार नाही, पण हशा हमखास मिळतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक बेटांच्या फेऱ्या वाढल्या तसं कुशादासी क्रूझ बंदर म्हणून वाढलं. जवळच्या डोंगरातलं मरियमचं घर मानलं जाणारं ठिकाण 1891 मध्ये पुढे आलं होतं. 1967 मध्ये सहावे पोप पॉल तिथे येऊन गेल्यावर ख्रिस्ती यात्रेकरूंची सोय याच सहलीत झाली. 2015 मध्ये एफिसस जागतिक वारसा यादीत आलं. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातले बॉम्बहल्ले आणि उठावाचा प्रयत्न यांमुळे क्रूझ कंपन्यांनी बंदरं वगळली. कोरोनानंतर बोटी पुन्हा येऊ लागल्या.

सहलीच्या पॅकेजमध्ये सहसा काय नसतं, तर उतारावरची घरं. श्रीमंतांच्या या घरांतली भित्तिचित्रं आणि मोझेइक छपराखाली जपली आहेत आणि त्यांचं तिकीट वेगळं आहे. खुद्द आर्टेमिसच्या मंदिराशी सहल थांबली तरी फोटोपुरतीच, कारण तिथे तुकडे रचून उभा केलेला एक खांब आणि साचलेलं पाणी, एवढंच आहे. आणि बोट कुशादासीऐवजी इझमीरला लागत असेल तर बसची गरज नाही. बास्माने स्टेशनवरून सेल्चुकला रेल्वेगाड्या जातात. स्टेशनपासून अवशेषांचा खालचा दरवाजा तीनेक किलोमीटर. तिथून शिरलं की नाटकगृह आणि बंदराचा रस्ता आधी लागतो आणि चढ नंतर.