लाकडी अंगठ्याची झीज

इजिप्तमधील लक्सरजवळ शेख अब्द अल-कुर्ना येथील एका कबरीत सापडलेल्या स्त्रीच्या ममीला लाकूड व चामडे यांपासून बनवलेला उजव्या पायाचा अंगठा होता. त्याचा काळ इ. स. पू. ९५० ते ७१० असा मानला जातो. मृतदेह परलोकात अपुरा जाऊ नये म्हणून ममीला खोटे अवयव जोडले जात; त्यामुळे हा अंगठाही अंत्यविधीपुरताच असेल, अशी शंका येणे स्वाभाविक होते. मात्र मूळ अंगठ्याच्या जागची जखम भरून तेथे त्वचा आली होती, आणि हा लाकडी अंगठा त्या पायावर नीट बसावा म्हणून तो अनेकदा दुरुस्त केल्याचे बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. मेलेल्या माणसासाठी एवढी खटपट कोणी करत नाही.

चालताना पाऊल उचलण्यापूर्वीचा शेवटचा रेटा मुख्यतः अंगठाच देतो. मँचेस्टर विद्यापीठातील जॅकी फिंच यांनी हा अंगठा आणि ब्रिटिश म्यूझियममधील तागाचे कापड, सरस व प्लास्टर यांचा दुसरा अंगठा, अशा दोहोंच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि उजवा अंगठा गमावलेल्या दोन स्वयंसेवकांना त्या घालून, प्राचीन इजिप्शियन धाटणीच्या चपलांसह चालायला लावले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दोन्ही अंगठे चालण्यास उपयोगी होते, पण लाकडी अधिक सुखकर ठरला.

ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूची जंघा दिल्याचा उल्लेख आहे. पण विश्पला ही स्त्री की शर्यतीतली घोडी, यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत. इटलीत कापुआ येथे १८८५ मध्ये सापडलेला, इ. स. पू. ३००च्या सुमाराचा कांस्य मढवलेला कृत्रिम पाय १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला, त्यामुळे त्याची झीज, म्हणजे तो खरोखर वापरला गेल्याची खूण, आता तपासता येत नाही.

चीनमधील तुर्फानजवळ सापडलेल्या सुमारे २,२०० वर्षांपूर्वीच्या कृत्रिम पायाची झीज मात्र स्पष्ट दिसते. तो वापरणाऱ्या माणसाचा खरा पाय कापलेला नव्हता. गुडघ्याची हाडे वाकलेल्या अवस्थेतच एकमेकांना जुळून गेली होती. म्हणून पॉप्लरच्या लाकडाचा आधार चामड्याच्या पट्ट्यांनी मांडीला बांधून त्याच्या टोकाला घोड्याचा किंवा गाढवाचा खूर बसवला होता.

अवयव कापल्यावर रक्तस्रावाने माणूस दगावत असे, तोवर कृत्रिम अवयवांची गरज थोड्यांनाच भासणार होती. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे यांनी रक्तवाहिन्या डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची पद्धत पुन्हा रूढ केली. त्यांनी मांडीपासून कापलेल्या पायासाठी, उभे राहताना गुडघा अडकवून ठेवणारा आणि बसताना तो मोकळा करणारा खटका असलेला धातूचा पाय आखला. असा पाय अर्थातच सर्वांना परवडणारा नव्हता. म्हणून पारे यांनी गरिबांसाठी साध्या लाकडी पायाचेही चित्र दिले आहे. गुडघा वाकवून तो लाकडावर टेकायचा आणि चालायचे, अशी त्याची रचना असून ती तुर्फानच्या त्या माणसाला चटकन ओळखता आली असती.