बाळ घरी येणार हे कुत्र्याला कोण सांगणार?

बाळ घरी आलं की कुत्रा जळायला लागतो असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, मग एक तर त्याला परसात साखळीला बांधून ठेवतात नाहीतर कुणाच्या तरी बागायतीत नेऊन सोडतात. आता जळतो का, तर थोडंफार तसं काहीतरी असेलही. 2014 साली सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी 36 कुत्र्यांवर एक मजेशीर प्रयोग केला होता, मालकाने आपल्या कुत्र्याकडे साफ दुर्लक्ष करायचं आणि एका हलणाऱ्या, भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायचे. बरीच कुत्री मध्ये घुसली, मालकाला ढकलायला लागली, काहींनी तर खेळण्यालाच दात दाखवले, पण मालक पुस्तक वाचत बसला तेव्हा एवढं काही झालं नाही. याला हेवा म्हणायचं की नाही यावर वाद आहेत. ते काही का असेना, माझ्या मते घरातल्या बहुतेक भानगडी हेव्यामुळे होत नाहीतच, त्या होतात कारण जनावराचं रोजचं जग एका दिवसात उलटंपालटं होतं आणि ते नेमकं बाळाच्या पायगुणाने झालं असा त्याचा हिशेब बसतो.

सुरुवात वासापासून होते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. म्हणजे आपल्याला घर तेच दिसतं पण त्याला ते वासावरून कळतं. आणि बाळंतिणीच्या घरात काय काय वास असतात बघा, ओव्याची धुरी, वेखंड, खोबरेल, डिंकाचे लाडू, दूध, ओले लंगोट, डेटॉल, वर बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या चपला! परदेशी लेखांत लिहिलेलं असतं की हॉस्पिटलमधून बाळाचं दुपटं आधी घरी पाठवा आणि कुत्र्याला हुंगू द्या, चांगला सल्ला आहे, पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सून डिचोलीला माहेरी गेली, कुत्रा म्हापशाला सासरी, आणि दोन-तीन महिन्यांनी ती एकदम बाळ, पाळणा आणि चार बॅगा घेऊन दारात उभी. मग दुपटं एकदाच पाठवून भागत नाही, नवरा दर आठवड्याला भेटायला जातोच ना, त्याने येताना बाळाचं वापरलेलं, न धुतलेलं झबलं आणावं, कुत्र्याच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवावं, त्याला हवं तेवढं हुंगू द्यावं. नाकाला लावून जबरदस्ती करू नये. बाहुली मांडीवर घेऊन सराव करतात त्याचा मात्र फारसा उपयोग वाटत नाही, प्लॅस्टिकचा वास कुत्र्याला लगेच कळतो.

आवाजाचंही तसंच. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात 2014 मध्येच कुत्र्यांना आणि माणसांना तान्ह्या बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर दोघांच्याही शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, वाढलेलं सापडलं, बाळाच्या नुसत्या बडबडीने तसं झालं नाही. म्हणजे रात्री 3 वाजता बाळ रडतं तेव्हा कुत्रा उगाच येरझाऱ्या घालत नसतो. म्हणून आधीपासून मोबाईलवर रडण्याचा आवाज लावायचा, अगदी बारीक, आणि त्याच वेळी आवडीचं खायला द्यायचं, तो निवांत खातोय असं दिसलं तरच आवाज थोडा वाढवायचा. खाणं सोडून कान मागे टाकले की समजायचं आपण घाई केली, परत कमी करायचा. एकदम मोठ्याने लावला तर सवय व्हायच्या ऐवजी तो त्या आवाजाला आणखीच भिऊ शकतो.

हे का चालतं ते गोव्यात समजावायला सोपं आहे. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, पों पों भोंगा ऐकू आला की अर्ध्या वाड्यातली कुत्री गेटवर हजर! भोंग्यात खाण्यासारखं काय आहे? काही नाही, पण भोंग्यानंतर पाव येतो आणि पावाचा तुकडा आपल्यालाही मिळतो हे त्यांना पाठ झालंय. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना आवाजानंतर खाणं मिळायचं आणि पुढे नुसत्या आवाजानेच लाळ सुटायची, ती गोष्ट हीच. आता बाळाच्या बाबतीत आपण काय करतो, बाळ जागं असलं की कुत्र्याला "हट, जा बाहेर", आणि बाळ झोपलं की बिचाऱ्याची आठवण येऊन लाड सुरू. प्रेमानेच करतो, पण कुत्रा यातून शिकतो काय, तर ते गाठोडं खोलीत आलं की माझं सगळं बंद होतं आणि ते गेलं की सुरू होतं. हे बरोब्बर उलटं पाहिजे. बाळ पाजायला घेतलं की दुसऱ्या कुणीतरी, आजोबा बसून असतातच, कुत्र्याला लांबूनच दोन तुकडे टाकावेत, नावाने हाक मारावी, बाळ आत नेलं की तुकडे बंद. फिरायची वेळ बदलणार असेल किंवा बेडवर झोपणं बंद होणार असेल तर ते एक-दोन महिने आधीच करून टाकावं म्हणजे त्याचं बिल बाळाच्या नावावर फाटत नाही.

मांजराचं प्रकरण वेगळं. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं ही भाकडकथा आहे, पण त्याला ऊब आवडते आणि तान्ह्या बाळाला स्वतःचं तोंड बाजूला करायचीही नीट ताकद नसते, म्हणून पाळण्यात मांजर नको म्हणजे नकोच. मच्छरदाणीवर भरवसा ठेवू नका, साखळी गावातल्या आमच्या बहिणीच्या घरचा बोका त्या मच्छरदाणीवरच झोळी करून झोपायचा. मांजराला उंचावर एक जागा द्या, कपाटावर, लॉफ्टवर, तिथून ते चार दिवस सगळं बघेल आणि मग खाली येईल. गरोदरपणात भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, तो परजीवी मांजराच्या विष्ठेतून येतो पण बाहेर पडल्यावर 1 ते 5 दिवसांनीच बाधा करण्याजोगा होतो, म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढायची आणि ती गरोदर बाईने नाही, दुसऱ्याने. आपल्याकडची मांजरं परसातल्या मातीतच उरकतात, तेव्हा झाडं लावताना हातमोजे घाला. कच्चं राहिलेलं मटण हाही तेवढाच मोठा रस्ता आहे, आणि त्यासाठी घरात मांजर असावंच लागत नाही.

कुत्रं गुरगुरलं तर मारू नका, हे लिहिताना मला माहितीये घरातली मोठी माणसं काय म्हणतील. पण गुरगुरणं ही सूचना आहे, मार खाऊन ती सूचना बंद होते, भीती तशीच राहते, आणि मग पुढच्या वेळी सरळ दात लागतात. त्याच्याही आधी खुणा असतात, बाळ हात झटकतं तेव्हा कुत्रा जीभ पटकन नाकावरून फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, मान दुसरीकडे पण डोळा बाळावर आणि डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. फोटो काढणारे म्हणतात बघ कसा प्रेमाने बघतोय! तो तिथून सुटायचं बघत असतो, त्याला उठून जाऊ द्या. आणि कितीही गरीब कुत्रा असला तरी बाळ आणि तो एकटे एका खोलीत, एक मिनिटही नको.

डॉक्टरकडचं काम थोडक्यात, रेबीजची लस चुकवायची नाही, 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला म्हणून बेफिकीर राहू नका, जंताचं औषध, आणि पावसात गोचिडांकडे लक्ष. बाळाला साधा ओरखडा आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना. दुसऱ्या बाजूने, फिनलंडमध्ये 397 मुलांचा पहिल्या वर्षभराचा अभ्यास 2012 मध्ये छापून आला, त्यात कुत्रा असलेल्या घरातल्या मुलांना श्वसनाचे आजार आणि कानाची दुखणी कमी झालेली दिसली, कुत्र्यामुळेच झाली असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण केसांच्या भीतीने जनावर घालवून देणाऱ्या आज्जीला दाखवायला बरं आहे.

खरी कसोटी मात्र बाळ रांगायला लागल्यावर, सहाव्या-सातव्या महिन्यापासून पुढे. तोवर एका जागी पडून असलेलं ते गाठोडं अचानक अंगावर चालून येतं, शेपूट मुठीत धरतं, वाडग्यातला बांगडा ओढतं. त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली आणि मूळ घरी तीस माणसं आणि फटाके असले तर आणखीच. तेव्हा जेवणाचं वाडगं आत्ताच पडवीत हलवा, आणि मधल्या दाराला अर्ध्या उंचीचं फाटक बसवून घ्या.