दात काढल्याच दिवशीची कवळी आणि हिरड्या भरून आल्यावरची कवळी

उरलेले सगळे दात काढावे लागतील, असे दंतवैद्याने सांगितले की घरात पहिली चिंता असते ती काही महिने बोळक्या तोंडाने वावरावे लागण्याची. इंदूरसारख्या शहरात, जिथे आपल्या मराठी कुटुंबांचे लग्न, मुंज, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांच्या निमित्ताने सतत चारचौघांत येणे-जाणे असते, तिथे ही चिंता क्षुल्लक म्हणता येणार नाही. अशा वेळी दात काढल्याच दिवशी कवळी बसवता येते हे ऐकून मोठा दिलासा मिळतो. मात्र ही कवळी आणि एखाद्या काकूंनी हिरड्या भरून आल्यावर करून घेतलेली कवळी एकच, असा समज बहुतेक घरांत असतो. दोन्ही गुलाबी ॲक्रिलिकच्या असतात आणि हातात घेतल्या तर सारख्याच दिसतात, पण त्या वेगळ्या रीतीने बनतात आणि त्यांचे कामही वेगळे असते.

त्याच दिवशीची कवळी दात तोंडात असतानाच तयार केली जाते. बहुतेकदा मागच्या दाढा आधी काढून ती जागा भरू देतात, पुढचे दात तसेच ठेवून मापे घेतात आणि प्रयोगशाळेत प्लास्टरच्या साच्यावरील ते दात कापून, हिरडीचा आकार अंदाजाने घडवून, त्यावर कवळी बेततात. नंतर दात काढल्याबरोबर ती तोंडात बसवली जाते. तुमचे स्वतःचे दात समोर असल्यामुळे नव्या दातांचा रंग, आकार आणि चावण्याची उंची त्यांच्यावरून ठरवता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. उणीव अशी की पुढचे दात अजून तोंडात असल्यामुळे ती बाजू आधी लावून पाहता येत नाही आणि ती कशी दिसेल हे बसवल्यावरच कळते.

पहिले २४ तास ही कवळी जखमेवरच्या पट्टीसारखे काम करते. या काळात ती स्वतः काढू नये, कारण सूज वाढली तर ती परत बसत नाही. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य स्वतः ती काढतात, जखम पाहतात आणि टोचणारी जागा घासून कमी करतात. पहिल्या आठवड्यांत अशा फेऱ्या अनेक होतात. कवळी बिघडली म्हणून नव्हे, तर तिच्याखालची हिरडी रोज बदलत असल्यामुळे त्या कराव्या लागतात.

सगळ्या गोंधळाचे मूळ या बदलातच आहे. दाताचे मूळ गेले की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, वर्षभरानंतर मंदावते, पण पूर्णपणे कधीच थांबत नाही आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा बरीच अधिक होते. त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट बसलेली कवळी दोन-तीन महिन्यांत सैल होणे हे अपेक्षितच असते. त्यासाठी आधी आतून मऊ अस्तर लावतात, पुढे पक्के अस्तर भरतात किंवा सहा महिने ते वर्षभरात नवी कवळी करतात. हा पुढचा खर्च सुरुवातीलाच सांगितला गेला नाही, तर रुग्णाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. म्हणून तो दात काढण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हिरड्या भरून आल्यावरची कवळी साधारण दोन ते तीन महिन्यांनी, काहींच्या बाबतीत त्याहूनही उशिरा सुरू होते. तिला चार-पाच भेटी लागतात: पहिले माप, मग कडांसह नेमके माप, जबड्यांच्या परस्पर स्थितीची नोंद, मेणात रचलेले दात तोंडात लावून पाहणे आणि शेवटी तयार कवळी. मेणाच्या टप्प्यावर आरशात पाहून, घरच्यांना दाखवून, "दात थोडे आत घ्या" असे सांगता येते. ही संधी दवडू नये. तिची बसणी अधिक नेमकी असते आणि पहिल्या वर्षात दुरुस्त्या कमी लागतात. पण तोवर दातांविना राहावे लागते, आणि जुन्या दातांचा पुरावाही उरलेला नसतो. त्यामुळे हा मार्ग निवडणाऱ्यांनीसुद्धा दात काढण्यापूर्वी साचा करवून ठेवावा आणि दात दिसतील असे हसरे छायाचित्र जपावे.

खाण्याच्या बाबतीत दोन्हींचे नियम पुष्कळसे सारखे आहेत, पण पहिल्या कवळीखाली ताजी जखम असते हे विसरू नये. पोहे चालतात, मात्र त्यांवरची शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) पहिले काही दिवस बाजूला ठेवावे, कारण शेवेचे कण कवळीखाली जाऊन टोचतात आणि तिखट झोंबते. मऊ शिजवलेला भुट्ट्याचा कीस कोमट करून खायला उत्तम. तळलेला गराडू (एक कंद) आणि चिकट जिलबी हे पदार्थ सवय झाल्यावरचे. घास लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावे आणि पुढच्या दातांनी तोडू नये, कारण त्यामुळे कवळी मागून उचलली जाते. कोणतीही कवळी नैसर्गिक दातांइतकी शक्ती देत नाही. त्यातही खालची कवळी जिभेमुळे अधिक हलते आणि तिची सवय व्हायला अधिक दिवस लागतात.

ज्यांना रोज लोकांसमोर बोलावे लागते, त्यांनी दुहेरी खर्च आणि वारंवार फेऱ्यांची तयारी ठेवून पहिला मार्ग घ्यावा. ज्यांची हिरडी किंवा हाड फार सुजलेले वा संसर्गग्रस्त आहे, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही किंवा ज्यांना पुन्हापुन्हा दवाखान्यात नेणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी मला थांबणेच हिताचे वाटते. रक्त पातळ करणारी किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी औषधे चालू असतील, तर ती आपल्या मनाने बंद न करता दंतवैद्यांना आधी सांगावीत. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे सल्ला घेता येतो. मात्र हा सल्ला पहिला दात निघण्याआधीच घ्यायला हवा, कारण सगळे दात निघाल्यावर त्याच दिवशीच्या कवळीचा पर्याय उरत नाही.