विजेची सायकल बांधण्याआधी रस्त्याचा हिशेब

रोज कामावर जाण्यासाठी साध्या सायकललाच मोटर आणि बॅटरी बसवावी असे मनात आले, की पहिला प्रश्न विचारला जातो तो मोटर किती वॅटची घ्यावी हा. माझ्या मते सुरुवात मोटरपासून नव्हे, रस्त्यापासून करायला हवी. पुण्यात हे विशेष खरे आहे, कारण लक्ष्मी रस्ता किंवा डेक्कनच्या सपाट भागात दिवसभर फिरणारी सायकल आणि कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढून बावधन, पाषाणमार्गे बाणेरला जाणारी सायकल यांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात. मी माझी पहिली विजेची सायकल या दुसऱ्या रस्त्यासाठी बांधली. जाण्याचे अंतर सुमारे १२ किलोमीटर होते, आणि काहीही विकत घेण्यापूर्वी कागदावर मांडलेला हिशेबच पुढे सर्वांत उपयोगी पडला.

हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडे जात नाही. चालवणारा ७० किलोचा, मोटर आणि बॅटरीसह सायकल २२ किलोची आणि पाठीवरची पिशवी ८ किलोची धरली, तर एकूण वजन १०० किलो होते. सपाट रस्त्यावर या वजनाला दोन गोष्टी मागे ओढतात. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा जिरते. चांगली हवा भरलेल्या टायरसाठी हा विरोध सुमारे ८ न्यूटन असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हवा. ताशी २० किलोमीटर वेगाला, ताठ बसून सायकल चालवणाऱ्याला हवा सुमारे १० न्यूटनने अडवते. दोन्ही मिळून १८ न्यूटन झाले, आणि या वेगाने ते बल सांभाळायला चाकापाशी फक्त १०० वॅट लागतात. जुन्या पद्धतीच्या एका पिवळ्या बल्बला लागायची तेवढीच ही शक्ती आहे.

वेग वाढवला की चित्र झपाट्याने बदलते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर खर्च होणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी २५ किलोमीटरला सुमारे १६५ वॅट लागतात, तर ताशी ४० किलोमीटरला ५४० वॅटच्या आसपास. म्हणजे वेग दुप्पट केला की शक्तीची मागणी पाचपटीहून अधिक होते. मोठ्या मोटरच्या मोहात पडण्याआधी हे आकडे समोर ठेवावेत, कारण शहरातल्या रहदारीत ताशी ४० किलोमीटर गाठण्याची संधीच क्वचित मिळते, आणि त्यासाठी वाहून न्यावी लागणारी जड बॅटरी मात्र रोज बरोबर असते.

चढावर हवा मागे पडते आणि गुरुत्वाकर्षण पुढे येते. शंभर मीटर पुढे जाताना रस्ता पाच मीटर वर चढत असेल, तर १०० किलोच्या सायकलला सुमारे ४९ न्यूटनचे जादा बल लागते, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या एकूण विरोधाच्या अडीचपटीहून अधिक. हा चढ ताशी १५ किलोमीटर वेगाने चढायचा तर सुमारे २६० वॅट हवेत. निरोगी माणूस फार दम न लागता ७५ ते १०० वॅट बराच वेळ देऊ शकतो. त्याने पॅडल मारत राहिल्यास मोटरच्या वाट्याला जेमतेम १६० वॅट येतात. पॅडल न मारता केवळ मुठीच्या थ्रॉटलवर चढणाऱ्याला तीच मोटर अपुरी वाटते.

आता ऊर्जेचा हिशेब. सपाट रस्त्यावर १०० वॅट आणि ताशी २० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ वॅट-तास (एक वॅट शक्ती तासभर वापरली की एक वॅट-तास ऊर्जा खर्च होते). मोटर आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर यांच्यातली घट धरून बॅटरीतून ६.५ वॅट-तास जातात. १२ किलोमीटरचे ७८ झाले. वाटेत एकूण ८० मीटर उंची चढावी लागते असे धरले, तर तेवढे वजन वर नेण्याला सुमारे २२ वॅट-तास आणि बॅटरीतून ३० वॅट-तास लागतात. राहिले सिग्नल. थांबलेल्या सायकलला पुन्हा ताशी २० किलोमीटर वेग देण्यासाठी १,५४० ज्यूल लागतात, आणि मोटर मंद फिरत असताना तिची कार्यक्षमता कमी असल्याने बॅटरीतून पाऊण वॅट-तास निघतो. वीस वेळा थांबण्याचे १५ वॅट-तास. एकूण बेरीज १२३. दोन्ही वेळचे मिळून सुमारे २५० वॅट-तास, आणि एक तृतीयांश काम पायांनी केले तर १६५. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास मावतात; त्यातले ८० टक्केच वापरायचे ठरवले तरी ती जाऊन-येऊन पुरते.

रस्ता कागदावर उतरला की मोटर निवडणे सोपे होते. चाकाच्या मधोमध मोटर बसवण्याची कल्पना बरीच जुनी आहे: अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात विजेची मोटर असलेल्या सायकलचे पेटंट १८९५ साली मिळाले होते. आजच्या अशा मोटरमध्ये, म्हणजे हब मोटरमध्ये, फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणारे ब्रश नसतात. आत तारेच्या गुंडाळ्या असतात, त्यांच्याभोवती चुंबक लावलेले कडे फिरते, आणि चुंबक कोठे पोहोचले आहेत हे तीन छोटे हॉल सेन्सर कंट्रोलरला कळवत राहतात. त्यानुसार कंट्रोलर योग्य क्षणी योग्य गुंडाळीत प्रवाह सोडतो. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला सुमारे २०० फेरेच घेते, आणि विजेच्या मोटरसाठी हा वेग फार मंद आहे. म्हणून हलक्या हब मोटरमध्ये लहान दातेरी चाकांची रचना असते. आतली मोटर मिनिटाला हजारभर फेरे घेते आणि चाकाला त्याच्या पाचव्या भागाचा वेग, पण पाचपट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर मिळतो. दात्यांविना चालणारी मोटर टिकाऊ असते आणि उतारावर थोडी ऊर्जा परत देऊ शकते, पण ती जड असते आणि वीज बंद असताना तिच्या चुंबकांची ओढ पॅडलवर जाणवते. रोजच्या प्रवासाच्या पहिल्या सायकलसाठी मी दात्यांची हलकी मोटर निवडली आणि तीच निवडण्याचा सल्ला देईन.

मोटर गरम होण्याबद्दल एक चुकीची समजूत सर्रास आढळते. वेगाने पळवली की मोटर तापते असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात ती रखडत चढताना अधिक तापते. मोटरचा टॉर्क प्रवाहाच्या प्रमाणात असतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. चढावर वेग कमी होतो, मोटर अधिक टॉर्कसाठी अधिक प्रवाह मागते, आणि मंद फिरत असल्याने त्या विजेचे गतीत रूपांतर मात्र कमी होते. समजा बॅटरीतून ५०० वॅट जात आहेत आणि कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली आहे. मग २५० वॅट बंद डब्यात उष्णता म्हणून साचतात. तारा सांधण्याचे २५ वॅटचे घरगुती सोल्डरिंग आयर्न हाताला कसा चटका देते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला अशी दहा आयर्न मोटरच्या पोटात ठेवल्याचा अर्थ लगेच कळेल. गुंडाळी आणि बाहेरचे कवच यांच्यामध्ये हवेची फट असल्यामुळे ही उष्णता बाहेरही सावकाश पडते. म्हणून चढ लागण्यापूर्वी वेग घ्यावा, पायाने जोर द्यावा आणि मोटरला फिरते ठेवावे.

कायद्याचाही विचार येथेच करायला हवा. ज्याच्या मोटरची ३० मिनिटांची शक्ती, म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती, ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आहे आणि ज्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, अशा मान्यताप्राप्त विजेच्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार वाहन समजले जात नाही. ही मान्यता चाचणी संस्थेच्या तपासणीनंतर मिळते. अशा संस्थांपैकी एक, एआरएआय, कोथरूडलगतच्या वेताळ टेकडीवर आहे. वरच्या हिशेबावरून दिसते की शहरी प्रवासासाठी ही मर्यादा पुरेशी आहे, आणि घरी बांधताना ती ओलांडण्याचे काहीच कारण नाही.

बॅटरीवर मात्र सढळ हाताने खर्च करावा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सायकलमध्ये साधारणपणे १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल वापरतात. एका सेलचा नाममात्र विद्युतदाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात, आणि अशा चार रांगा समांतर जोडल्या, प्रत्येक सेल २.५ अँपिअर-तासांचा असला, की ४० सेलमध्ये आपली १० अँपिअर-तासांची बॅटरी तयार होते. नुसत्या सेलचे वजन दोन किलोच्या आत बसते.

क्षमतेइतकाच महत्त्वाचा गुण आहे अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला बॅटरीच्या आतच होणारा अडथळा, आणि तो वेष्टनावर लिहिलेला नसतो. माझी पहिली बॅटरी स्वस्तात मिळाली होती. सपाट रस्त्यावर ती उत्तम चालली, पण चांदणी चौकाच्या चढावर बॅटरी पूर्ण संपलेली नसतानाही सायकल अचानक बंद पडायची आणि दोन मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायची. तारा, कनेक्टर, कंट्रोलर सारे तपासले आणि शेवटी मल्टिमीटर लावल्यावर कारण उमगले. तिचा अंतर्गत रोध ०.३ ओहम होता. चढावर १५ अँपिअर प्रवाह घेतला की ४.५ व्होल्ट आतच पडायचे. स्वस्थ असताना ३४ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भाराखाली २९.५ व्होल्टवर यायची आणि कंट्रोलर ३१ व्होल्टला पुरवठा तोडायचा. शिवाय सुमारे ६७ वॅट उष्णता बॅटरीतच तयार होत होती. चांगल्या सेलच्या बॅटरीत हा रोध ०.१ ओहमपर्यंत असतो आणि तोच दाब फक्त दीड व्होल्टने उतरतो. बॅटरी घेताना तिला भार देऊन व्होल्ट मोजून दाखवण्याचा आग्रह धरावा; जो विक्रेता यास नकार देईल त्याच्याकडून ती घेऊ नये.

प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट, ज्याला सर्व जण बीएमएस म्हणतात, त्याच्याशिवाय बॅटरी कधीही वापरू नये. दहापैकी एखादा सेल इतरांआधी भरला आणि चार्जिंग चालूच राहिले, तर तो ४.२ व्होल्टच्या पुढे जाऊन तापतो. ठरावीक तापमानानंतर आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता वाढवत जाते आणि ती आग विझवणे फार अवघड असते. ज्यांना अधिक निर्धास्तपणा हवा त्यांनी लोह-फॉस्फेटचे सेल घ्यावेत. ते जड आणि आकाराने मोठे असतात, पण उष्णतेत अधिक स्थिर राहतात. नवख्याने सेल स्वतः जोडण्याच्या फंदात पडू नये, तयार बॅटरी घ्यावी. घराच्या दारात किंवा जिन्याखाली, बाहेर पडण्याच्या वाटेवर ती चार्ज करू नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत सायकल उन्हात लावावी लागणार असेल तर बॅटरी काढून सावलीत ठेवावी.

सायकलच्या सांगाड्याकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत धोक्याचे वाटते. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तिचा आस तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. ४० न्यूटन-मीटरचा टॉर्क जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीच्या आसावर सामावला जातो, म्हणजे आस ज्यात बसतो त्या चिमट्याच्या खाचेच्या कडांवर सुमारे ४०० किलो वजनाइतका रेटा येतो. अॅल्युमिनियमची खाच यामुळे फाकू शकते आणि चाक निसटू शकते. मोटर पोलादी सांगाड्याच्या मागच्या चाकात बसवावी आणि आसाला सांगाड्याशी जखडणारी पोलादी पट्टी, टॉर्क आर्म, न चुकता लावावी. ब्रेकचेही तसेच: वेग ताशी १८ वरून २५ किलोमीटरवर गेला की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि पावसात पोलादी रिमवर रबराचे गुटके फारच कमी पकड घेतात. डिस्क ब्रेक किंवा किमान अॅल्युमिनियमची रिम हवी, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे स्विच दोन्ही लिव्हरवर हवेत.

वायरिंगसाठी लागणारे बहुतेक सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. पुण्याच्या पावसाळ्यासाठी एकच गोष्ट आवर्जून सांगतो: प्रत्येक वायर कंट्रोलरमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी आत न जाता त्या झोळावरून खाली ठिबकते.

सायकल रस्त्यावर आल्यावर मी बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये वॅट-तास मोजणारा मीटर बसवला. कागदावर पॅडलसह किलोमीटरला ७ वॅट-तास निघाले होते. पहिल्या आठवड्यात मीटर ९ दाखवत होता. मागचे टायर निम्म्या हवेवर होते आणि ब्रेकचा एक गुटका रिमला सतत घासत होता. हवा भरून गुटका सरळ केल्यावर आकडा साडेसातवर आला, आणि आजही तो वाढलेला दिसला की मी आधी हवा मारण्याचा पंप काढतो.