अँटिव्हायरस मोफत की विकत: खानदेशात हा प्रश्न कसा घडत गेला

विंडोज १० किंवा ११ चालणाऱ्या प्रत्येक संगणकात अँटिव्हायरस मुळातच असतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही जळगावात, धुळ्यात किंवा शहाद्यात नवा संगणक जोडून घेतला की बिलात अँटिव्हायरसच्या डब्याची एक ओळ बहुधा येतेच. दुकानदाराने ती उगाच चिकटवलेली नसते. तिच्यामागे तीसेक वर्षांची सवय आहे आणि त्या सवयीला एके काळी चांगलं कारण होतं. मोफत बरं की विकतचं बरं, हे आपल्याकडे इंजिनाच्या, म्हणजे व्हायरस ओळखणाऱ्या मुख्य भागाच्या, ताकदीवर फारसं ठरलंच नाही. ते ठरलं अपडेट गावापर्यंत कसं पोचतं, यावर.

सुरुवात फ्लॉपीपासून करावी लागते. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. तो ३६० केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा. त्यानंतरच्या बूट सेक्टर व्हायरसांची पसरण्याची रीत साधी होती. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरून संगणक सुरू केला, पडद्यावर 'नॉन-सिस्टम डिस्क' असा संदेश आला, की तेवढ्यात व्हायरस हार्ड डिस्कवर उतरलेला असायचा. फ्लॉपीत प्रोग्राम असलाच पाहिजे असं नव्हतं. नुसतं पत्र असलेली फ्लॉपीही पुरायची. तेव्हा नवे व्हायरस महिन्याला मोजकेच येत, त्यामुळे अँटिव्हायरसचं अपडेट दुसऱ्या फ्लॉपीवरून महिना-दोन महिन्यांनी आलं तरी भागायचं. १९८७ मध्ये जॉन मॅकॅफी यांनी अमेरिकेत आपली कंपनी काढली आणि व्हायरसस्कॅन शेअरवेअर म्हणून वाटला: आधी वापरा, मग पैसे द्या. मोफत आणि विकत यांच्यामधली ही पायरी सुरुवातीपासूनच आहे.

महाराष्ट्रात या धंद्याला आकार आला तो पुण्यातून. कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत होते आणि संजय यांनी त्यावर साधनं लिहिली, तिथून हे सुरू झालं. २००७ मध्ये कंपनीने क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची होती तिची विक्रीची पद्धत. माल डीलरमार्फत यायचा, डब्यात सीडी आणि प्रॉडक्ट की असायची आणि संगणक बसवून देणारा माणूसच ती टाकून द्यायचा. अडलं तर फोनवर मराठीत बोलता यायचं. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या डीटीपीवाल्याला लग्नसराईत पत्रिकांच्या फाइल उघडेनाशा झाल्या, तर त्याला परदेशी कंपनीचा ईमेल पत्ता काय कामाचा?

या धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांतच २६ एप्रिल १९९९ उजाडला. त्या दिवशी 'सीआयएच' ऊर्फ चेर्नोबिल व्हायरस जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८ च्या यंत्रांत तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर शून्यं लिहायचा आणि काही मदरबोर्डांची बायोस चिपही (संगणक सुरू करणारा प्रोग्राम जिच्यात असतो ती) पुसायचा. मग पडदा काळाच राहायचा आणि चिप बदलावी लागायची. भारतातही याचा मोठा फटका बसला. 'अँटिव्हायरस लागतोच' हे वाक्य दुकानांत रुळलं ते याच काळात.

मोफत अँटिव्हायरस खऱ्या अर्थाने आला झेक प्रजासत्ताकातून. प्रागच्या अवास्टने २००१ पासून घरगुती वापरासाठी पूर्ण आवृत्ती मोफत दिली. ब्रनोची एव्हीजी आणि जर्मनीची अविरा याही त्याच वाटेने गेल्या. यात धर्मादाय काही नव्हतं. लाखो यंत्रांवर बसलेला प्रोग्राम नव्या व्हायरसचे नमुने कंपनीकडे पाठवतो, नाव पसरवतो आणि वापरणाऱ्यांतले थोडेसे पैसे भरतात, एवढ्यावर हिशोब जमायचा. घरगुती ही अट मात्र खरी होती. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत ती मोफत आवृत्ती वापरणं परवान्याबाहेर होतं, आणि आपल्याकडे ती सर्रास तिथेच वापरली जायची.

पण हे मोफत अँटिव्हायरस इथे आले आणि शिळे झाले. डायल-अपवर पाच एमबीचं अपडेट उतरायला, लाइन चांगली असेल तर, वीसेक मिनिटं लागत. मध्ये फोन आला किंवा लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. वर फोनचं बिल पल्सवर चढायचं आणि भारनियमनात वीज जायची ती वेगळीच. म्हणजे अवास्ट मोफत होता, पण त्याचं अपडेट मोफत नव्हतं. व्हायरसांची सहा महिन्यांची जुनी यादी घेऊन बसलेला अँटिव्हायरस हिरवी खूण दाखवायचा आणि नवा व्हायरस ओळखायचा नाही. वर्षाने नव्याने नोंदणी करावी लागायची, तीही राहून जायची. उलट डबा विकणारा डीलर आपल्या दुकानातल्या कनेक्शनवर अपडेटची फाइल उतरवून सीडीवर, पुढे पेनड्राइव्हवर, आणून द्यायचा. विकतच्या डब्याचे पैसे खरं तर त्या फेरीचे होते.

पेनड्राइव्ह आल्यावर मात्र अपडेट आणि रोग एकाच वाटेने येऊ लागले. विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्हवरची 'ऑटोरन' फाइल आयकॉनवर डबलक्लिक करताच सांगितलेला प्रोग्राम चालवायची. फोटो स्टुडिओ, एमएस-सीआयटीचं केंद्र, कॉलेजचं लॅब, झेरॉक्सचं दुकान असा एक पेनड्राइव्ह दिवसभर फिरला की संध्याकाळी घरच्या यंत्रात काय उतरलं हे सांगणं अवघड. फोल्डरच्या नावाची आणि फोल्डरच्याच चित्राची एक्झी (म्हणजे प्रोग्रामची) फाइल, किंवा सगळे फोल्डर लपवून त्यांच्या जागी ठेवलेले शॉर्टकट, ही त्यातली ओळखीची रूपं. शॉर्टकटच्या प्रकारात मूळ फाइल बहुतेक वेळा शाबूत असत. 'ॲट्रिब' आज्ञेने लपवण्याची खूण काढली की परत दिसत. लोक मात्र घाबरून पेनड्राइव्हच फॉरमॅट करून टाकत.

सॅलिटी आणि विरुट यांचा त्रास वेगळा होता. हे व्हायरस यंत्रातल्या प्रत्येक एक्झी फाइलला चिकटत. दुकानात सी ड्राइव्ह फॉरमॅट होऊन विंडोज नव्याने पडायची, घरी आल्यावर डी ड्राइव्हवरचा जुना प्रिंटर ड्रायव्हर किंवा फॉन्टचा सेटअप चालवला की सगळं पुन्हा तसंच. दोष 'कच्च्या' अँटिव्हायरसला दिला जायचा. खरं तर डी ड्राइव्ह उघडण्याआधी तो दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर किंवा बूट सीडीवरून तपासायला हवा होता. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवर पेनड्राइव्हचं ऑटोरन अपडेटने बंद केलं आणि या जातीच्या व्हायरसांचा जोर ओसरला. ज्यांचं अपडेट बंद होतं, त्यांच्याकडे तो पुढेही बराच काळ टिकला.

मायक्रोसॉफ्ट या बाजारात चाचपडतच आली. २००३ मध्ये तिने रुमानियातल्या जीकॅड कंपनीचं अँटिव्हायरस तंत्रज्ञान घेतलं, पुढच्या वर्षी जायंट ही स्पायवेअर शोधणारी कंपनी घेतली. २००६ मध्ये विंडोज लाइव्ह वनकेअर हे विकतचं पॅकेज काढून पाहिलं; ते चाललं नाही. मग सप्टेंबर २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिलं आणि २०१० पासून दहा संगणकांपर्यंतच्या छोट्या धंद्यांनाही ते वापरण्याची मुभा मिळाली. खानदेशातल्या कित्येक असेंबल्ड यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता, कारण बसवताना विंडोज अस्सल आहे का ते तपासलं जायचं. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर या नावाने पूर्ण अँटिव्हायरस विंडोजच्या आतच आला.

'डिफेंडर काही कामाचा नाही' हे मत याच सुमाराचं आहे आणि तेव्हा ते अगदीच निराधार नव्हतं. २०१२ च्या अखेरीस जर्मनीच्या एव्ही-टेस्ट या तपासणी संस्थेने सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं होतं. त्याच संस्थेच्या २०१९ मधल्या चाचणीत डिफेंडरला १८ पैकी १८ गुण मिळाले. मधल्या सात वर्षांत सॉफ्टवेअर बदललं, दुकानातलं वाक्य तेच राहिलं.

याच मधल्या काळात इथली जमीनही बदलली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि अपडेटसाठी डीलरची वाट पाहण्याची गरज बहुतेक गावांत उरली नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्यावरचा विंडोजचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच आलेला होता. कोणता अँटिव्हायरस आहे यापेक्षा विंडोज अपडेट चालू आहे की नाही, यावर तिथे जास्त अवलंबून होतं.

म्हणून आज घरच्या एका संगणकासाठी, नेट नियमित असेल तर, डिफेंडर पुरतो. त्याला एक मेख आहे: तो व्हायरस ओळखण्यासाठी क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, बराच विसंबतो. ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या चाचण्यांत नेट बंद असताना त्याची पकड काही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ठळकपणे कमी दिसली आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात रेंज येऊन-जाऊन असेल आणि यंत्रावर बाहेरचे पेनड्राइव्ह लागत असतील, तर नेटविना चांगलं काम करणारं दुसरं इंजिन घेण्याला अर्थ आहे. ते विकतचंच असावं असं नाही. अपडेट आणून द्यायला माणूस हवा असेल तर मात्र विकतचं घ्यावं.

मोबाइल हॉटस्पॉटवर डेटा वाचवण्यासाठी वाय-फायला 'मीटर्ड कनेक्शन' केलेलं असेल, तर अपडेट आपोआप उतरायचं थांबू शकतं आणि कळतही नाही. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये खाली 'प्रोटेक्शन अपडेट्स' आहे. तिथली शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. दिवसातून अनेकदा नवी माहिती निघते, त्यामुळे तारीख तीन-चार दिवसांहून जुनी असेल तर तिथेच हाताने 'चेक फॉर अपडेट्स' दाबावं. नेटच नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डिफेंडरची ऑफलाइन अपडेट फाइल दुसऱ्या यंत्रावर उतरवून आणता येते. ती शंभर एमबीहून मोठी असते आणि ३२ व ६४ बिटसाठी वेगळी. डबलक्लिक केल्यावर कोणतीही खिडकी उघडत नाही. काही मिनिटांनी तारीख बदलली का ते पाहायचं.

मोफत प्रकारांची दुसरी किंमत २०२० च्या जानेवारीत उघड झाली. अवास्ट आपल्या वापरकर्त्यांच्या वेब पाहण्याची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. जम्पशॉट बंद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. शिवाय नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा हे आता जेन डिजिटल या एकाच घरचे आहेत. एव्हीजी काढून अवास्ट टाकणं म्हणजे त्याच घरात या खोलीतून त्या खोलीत जाणं.

विकतचं पॅकेज आज घ्यायचं तर कारण नेमकं हवं: चार-पाच यंत्रं एकाच परवान्यात, मुलांच्या वापरावर बंधन, किंवा फोन उचलणारा माणूस. घरातच सेवा केंद्र किंवा डीटीपी चालत असेल तर मोफत आवृत्तीचा परवाना आधी वाचावा. खंडणीखोर व्हायरसची भीती असेल तर डिफेंडरमध्येच 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आहे. ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर टॅलीचा डेटा फोल्डर संरक्षित यादीत घालावा आणि टॅलीला परवानगी द्यावी, नाहीतर नोंदी साठवताना अडेल. त्याने बॅकअपची गरज संपत नाही. बाहेरची डिस्क काम झालं की काढूनच ठेवायची.

बिघडतं बहुतेक भलतीकडेच. नव्या लॅपटॉपवरचा चाचणी-काळाचा अँटिव्हायरस संपतो, कोणी त्यावर दुसरा टाकतो आणि दोन इंजिनं एकाच फाइलवर झडप घालतात, यंत्र रेंगाळतं. आधी जुना सेटिंग्जमधून काढावा, मग त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवावं, रीस्टार्ट करून 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू झालं का पाहावं. विंडोज किंवा ऑफिसच्या क्रॅकला अँटिव्हायरस अडवतो म्हणून त्या क्रॅकला 'एक्सक्लुजन'मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, घातलं, की पैसे भरलेला असो वा नसो, पहारा तिथे संपला. 'स्टॉप' कुळातले खंडणीखोर व्हायरस याच क्रॅकच्या वाटेने पसरले. 'तुमचं सबस्क्रिप्शन संपलं' अशा कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या पुष्कळदा अँटिव्हायरसच्या नसतातच. चुकून 'अलाउ' दाबलेल्या साइटच्या ब्राउझर नोटिफिकेशन असतात आणि ब्राउझरच्या सेटिंग्जमधून बंद होतात.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसकडे गेला की 'अँटिव्हायरसने संगणक मंद केला' ही तक्रार वाढते. टास्क मॅनेजर उघडून 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किती प्रोसेसर घेतोय ते पाहावं. तो आकडा कमीच असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर हीटसिंकमध्ये धूळ बसली आहे आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आहे. तिथे ब्रश आणि ब्लोअर लागतो, परवाना नाही.

आता डबा विकायला नवं कारण मिळालं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. जुनी आय-थ्री यंत्रं त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर डिफेंडरला व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे, पण विंडोजमधली भोकं बुजवणारे पॅच वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नोंदणी केल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि घरगुती ग्राहकांसाठी त्या योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची ठेवली गेली. पॅचची ही उणीव विकतच्या कोणत्याही अँटिव्हायरसने भरून निघत नाही. त्या पैशांत एक एसएसडी घालून यंत्रावर लिनक्स टाकणं, किंवा ते यंत्र बँकेच्या कामातून बाजूला काढणं, जास्त उपयोगाचं.